घरगुती फराळाचं पेज काढलंय, पण ऑर्डर का येत नाही?

श्रावण लागला की आमच्या दांडिया बाजारातल्या घरी कुणी ना कुणी फोन हातात धरून येतं. "ताई, इन्स्टाग्रामवर पेज काढून दोन महिने झाले. लाईक येतात, ऑर्डर एकही नाही." मी पेज उघडून बघते. मोदकांचा देखणा फोटो असतो आणि खाली लिहिलेलं असतं, "ऑर्डरसाठी मेसेज करा." अकरा मोदक कितीला? किती दिवस आधी सांगायचं? मांजलपूरला पोचवता का? संध्याकाळपर्यंत टिकतील का? यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर तिथे नसतं. गिऱ्हाईकाला इतकं सगळं विचारायचा संकोच वाटतो, कंटाळाही येतो. मग ते पुढच्या पेजवर जातं.

मी बडोद्यात घरून उकडीचे मोदक, पुरणपोळ्या आणि दिवाळीचा फराळ करून विकते. या कामात एक गोष्ट मला पक्की कळली आहे. सोशल मीडियावर माल खपतो तो उत्तरांमुळे. आधी आपण नीट विचारून शिकायचं, मग लोक आपल्याला काय विचारतात ते टिपायचं आणि त्याची उत्तरं सगळ्यांना दिसतील अशी मांडायची. नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी हे सगळं त्याच क्रमाने लिहिते आहे. उदाहरणं माझ्या स्वयंपाकघरातली आहेत, पण शिवणकाम, शिकवणी किंवा रांगोळीचे साचे विकणाऱ्यालाही हाच रस्ता चालेल.

खातं उघडायच्या आधी वही उघडा

पंधरा दिवस एक वही ओट्याजवळ ठेवा. तुमच्या मालाबद्दल कुणीही काहीही विचारलं की ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा. जिन्यात भेटलेल्या शेजारणीने विचारलेलं, हळदीकुंकवाला आलेल्या मावशींनी विचारलेलं, फोनवर विचारलेलं, सगळं. आपल्या भाषेत सुधारून लिहू नका. "टिकवण क्षमता किती" असं कुणी विचारत नाही. "उद्या सकाळी खाल्ले तर चालतील ना?" असं विचारतात, आणि नेमकं तेच वाक्य पुढे कामाला येतं.

माझ्या वहीच्या पहिल्या पानावर होतं: गुळाचे की साखरेचे? जैन चालेल का? डबा परत द्यायचा का? चकलीला तेल कुठलं? मुलगा पुण्याला असतो, त्याला पाठवता येईल का? पंधरा दिवसांत प्रश्न भरपूर जमतात, पण नीट पाहिलं तर पाच-सहाच पुन्हा पुन्हा आलेले दिसतात. तेच तुमच्या पहिल्या पाच-सहा पोस्टचे विषय. काय पोस्ट करू, हा प्रश्न तिथेच मिटतो.

ग्रुपवर विचारायचं ते असं

आपल्याला अडलं की आपणही कुठेतरी विचारतो. फेसबुकवर घरगुती खाद्यपदार्थ करणाऱ्यांचे ग्रुप आहेत, व्हॉट्सॲपवर महिला मंडळांचे आहेत. पण तिथे विचारायची रीत असते. पहिल्या वर्षी मी लिहिलं होतं, "मोदक फुटतात, काय करू?" अठरा उत्तरं आली. कुणी म्हणालं पाणी कमी घाला, कुणी म्हणालं वाढवा. एकीने पिठीचा ब्रँड सांगितला, दुसरीने तोच ब्रँड वाईट ठरवला. मी होते तिथेच राहिले.

दोन दिवसांनी पुन्हा लिहिलं, या वेळी सगळा तपशील देऊन. "जुन्या कोलम तांदळाची घरी दळलेली पिठी. एक वाटी पाण्याला एक वाटी पिठी, एक चमचा तूप, चिमूटभर मीठ. वाफ आणून दहा मिनिटं झाकली आणि गार झाल्यावर मळली. पारी वळताना कडेला चिरा पडतात. सोबत फोटो आहे." या वेळी उत्तरं सातच आली, पण सातही कामाची होती. दोघींनी एकच चूक पकडली: उकड गार करून मळलीस, गरम असतानाच तेल-पाण्याचा हात लावून मळायला हवी. एका काकूंनी फोटो पाहून सांगितलं, जुन्या कोलमला चिकटपणा कमी असतो, त्यात आंबेमोहोराची पिठी मिसळून बघ. मी तीनच मोदकांची उकड काढून दोन्ही गोष्टी करून पाहिल्या. चिरा गेल्या.

म्हणून प्रश्नात चार गोष्टी असू द्या: काय करायचं आहे, आत्तापर्यंत काय केलं, नेमकं कुठे बिघडतं, आणि फोटो. एका पोस्टमध्ये एकच प्रश्न विचारा. दुपारच्या जेवणानंतर किंवा रात्री नऊच्या पुढे टाका, तेव्हा बायका फोन हातात घेतात. आलेल्या उत्तरांत, जी रोज ते काम करते तिचं आधी ऐका. दोन-तीन वेगवेगळ्या माणसांनी एकच कारण सांगितलं असेल तर त्याला वजन द्या. अर्धा किलो पिठी भिजवून प्रयोग करू नका, वाटीभरातच कळतं.

आणि नंतर ग्रुपवर परत जाऊन सांगा, "अमुक केलं, जमलं." बहुतेक जणी हे विसरतात. मला मात्र पहिली मोठी ऑर्डर त्या "जमलं" लिहिलेल्या पोस्टमधूनच आली. खाली टाकलेला नितळ मोदकांचा फोटो पाहून ग्रुपमधल्या एका बाईंनी एकवीस मोदक सांगितले. मी विकायला गेलेच नव्हते.

परवाना, कर आणि आरोग्याच्या बाबतीत मात्र ग्रुपच्या भरवशावर राहू नका. घरून खाद्यपदार्थ विकायचे असतील तर एफएसएसएआयची, म्हणजे केंद्र सरकारच्या अन्न सुरक्षा संस्थेची, नोंदणी लागते. ती त्यांच्या फॉसकॉस पोर्टलवर होते आणि १४ आकडी क्रमांक मिळतो. "घरगुतीला काही लागत नाही" असं ठामपणे सांगणारे प्रत्येक ग्रुपमध्ये भेटतात. ते ऐकून थांबू नका, सरळ पोर्टलवर जाऊन आजचा नियम वाचा.

ग्रुपचे नियम सुरुवातीलाच वाचून घ्या. काही ठिकाणी विक्रीच्या पोस्टसाठी आठवड्याचा एक दिवस ठरलेला असतो, काही ठिकाणी विक्रीला बंदीच असते. सोसायटीच्या ग्रुपवर ॲडमिनला विचारल्याशिवाय दर टाकू नयेत. ज्या लोकांशी रोज लिफ्टमध्ये गाठ पडते त्यांना नकोसं करून ठेवलं, तर नुकसान ऑर्डरपुरतं राहत नाही.

घर एकच बांधा: व्हॉट्सॲप बिझनेस

नव्या माणसाला वाटतं की इन्स्टाग्राम, फेसबुक, यूट्यूब सगळीकडे असायला हवं. हातात एकच माणूस आणि एकच गॅस असताना ते जमत नाही. माझा सल्ला असा की व्यवहाराची जागा व्हॉट्सॲपवर ठेवा, कारण माणूस कुठूनही आला तरी शेवटी "व्हॉट्सॲप करते" असंच म्हणतो. २०१८ पासून यासाठी वेगळं व्हॉट्सॲप बिझनेस ॲप आहे आणि ते फुकट आहे. घरच्या नंबरवर ते चालू करू नका, वेगळं सिम घ्या. नाहीतर मामेबहिणीच्या साखरपुड्याचे फोटो आणि पन्नास चकल्यांची ऑर्डर एकाच रांगेत येतील.

त्यात सगळ्यात आधी कॅटलॉग भरा. प्रत्येक पदार्थाचा एक फोटो, किती नगांना किंवा किती ग्रॅमला किती रुपये, किती तास आधी ऑर्डर द्यायची, किती टिकतो. दर लिहायला घाबरू नका. "दरासाठी मेसेज करा" वाचून निम्मे लोक मागे फिरतात, कारण दर विचारून मग नको म्हणणं आपल्याकडे जड जातं.

मग झटपट उत्तरं तयार करा. एकदा लिहून ठेवलं की तिरकी रेघ मारून "दर" असा छोटा शब्द टाकला की अख्खं उत्तर समोर येतं. हात कणकेत असताना याचं महत्त्व कळतं. माझं मोदकाचं उत्तर असं आहे: "नमस्कार. उकडीचे मोदक, गूळ-खोबऱ्याचं सारण. किमान अकरा. आदल्या दिवशी दुपारी चारपर्यंत सांगावं. सकाळी करून देते, त्याच दिवशी खावेत. दांडिया बाजारातून नेता येतील, मांजलपूर, कारेलीबाग, अलकापुरीला रिक्षाने पाठवते, भाडं वेगळं. आपल्याला कुठल्या तारखेला हवेत?" शेवटच्या प्रश्नाकडे लक्ष द्या. उत्तर प्रश्नावर संपलं की समोरचा तारीख सांगतो आणि बोलणं पुढे जातं. नुसता दर पाठवला तर "ओके" येतं आणि तिथेच थांबतं.

लेबलं लावायची सवय करा. नवी चौकशी, पैसे बाकी, पैसे आले, पोचवलं. गणपतीच्या आदल्या रात्री चाळीस जणांचे मेसेज पडलेले असतात तेव्हा ही रंगीत लेबलंच वाचवतात.

सणाच्या आधी सगळ्यांना एकदम कळवायला ब्रॉडकास्ट यादी वापरा. एका यादीत २५६ जण बसतात. पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच तो मेसेज पोचतो. हे मला माहीत नव्हतं. पहिल्या दिवाळीत मी यादी पाठवून निवांत बसले, आणि निम्म्या लोकांना ती मिळालीच नव्हती. आता प्रत्येक डब्याच्या झाकणावर चिठ्ठी असते: "नंबर सेव्ह करा, पुढच्या सणाची यादी तुम्हाला मिळेल." आणि कळवू का, हे आधी विचारते. न विचारता यादीत घातलेला माणूस ब्लॉक करतो, मग तो दार कायमचं बंद.

मराठीत लिहू की गुजरातीत?

बडोद्यातल्या आपल्या लोकांचा हा खास प्रश्न. घरात मराठी, बाजारात गुजराती, मुलांच्या शाळेत इंग्रजी. मी पहिलं वर्षभर फक्त मराठीत लिहीत होते आणि गिऱ्हाईकही रावपुरा, दांडिया बाजार, बाबाजीपुऱ्याच्या ओळखीतलंच राहिलं.

एकदा वाघोडिया रोडच्या एका बेननी पुरणपोळीच्या फोटोखाली विचारलं, "बेन, आमां तुवेरनी दाळ छे के चणानी?" मला आधी हा प्रश्न किरकोळ वाटला. मग वहीत पाहिलं, तर हाच प्रश्न चार वेळा आला होता. गुजराती घरांत पुरणपोळी, म्हणजे वेढमी, तुरीच्या डाळीची करतात. आपली हरभऱ्याच्या डाळीची. ज्यांनी लहानपणापासून वेढमी खाल्ली आहे त्यांना आपल्या पोळीची चव, जाडी, रंग सगळंच वेगळं लागणार, आणि विकत घेण्याआधी तो फरक त्यांना जाणून घ्यायचा होता.

त्या रात्री मी दोन्ही डाळी दोन वाट्यांत ठेवून फोटो काढला आणि गुजरातीत साधं लिहिलं: ही तुवेर, ही चणा. आमची महाराष्ट्रीय पुरणपोळी चण्याच्या डाळीची, गूळ, वेलची, जायफळ, वर तूप, सोबत कटाची आमटी. कुठे "खरेदी करा" लिहिलं नाही. त्या पोस्टखाली गुजराती आणि मराठी बायकांची जी चर्चा रंगली ती आठवडाभर चालली. कुणी आईची वेढमी सांगितली, कुणी विचारलं कटाची आमटी म्हणजे काय. त्या होळीला निम्म्या पोळ्या गुजराती घरांत गेल्या आणि आमटीची बाटली वेगळी विकायला लागले.

तेव्हा नियम असा: ज्या भाषेत प्रश्न आला त्या भाषेत उत्तर द्या. पोस्ट मराठीत असली तरी पदार्थाचं नाव, दर आणि कुठल्या भागात पोचवता ते गुजरातीत एका ओळीत लिहा. दोन्ही भाषांचं भलंमोठं भाषांतर एकाखाली एक चिकटवू नका, कुणीच वाचत नाही. आणि भाषांतराच्या ॲपमधून काढलेलं गुजराती शेजारच्या बेनला एकदा वाचून दाखवा.

फोटो, रील, स्टोरी

यावर मी फार वेळ घालवणार नाही, कारण लोक नको तितका घालवतात. सकाळच्या उजेडात खिडकीजवळ ताट ठेवा, ट्यूबलाईट बंद करा. मोदकपात्राचं झाकण उघडतानाची वाफ फार सुंदर दिसते, पण फोन जवळ नेला की काच धूसर होते. दोन हात लांब उभं राहून झूम करा आणि आधी कपड्याने काच पुसा. रील अर्ध्या मिनिटाच्या आत, एका प्रश्नाचं उत्तर देणारी. "मोदक दुसऱ्या दिवशी गरम कसे करावेत" ही माझी सगळ्यात जास्त लोकांनी जपून ठेवलेली रील आहे. त्यात फक्त हात आणि एक चाळणी दिसते. इन्स्टाग्रामचं बिझनेस खातं असेल तर सगळी गाणी वापरता येत नाहीत, म्हणून मी स्वतःच्या आवाजात बोलते. लोकांना तेच आवडतं.

स्टोरीत मत विचारायची सोय असते, तिचा उपयोग नवा पदार्थ ठरवताना करा. "तिखट शंकरपाळे की खारी बोरं?" असं विचारलं की कल कळतो. पण मत देणारे सगळेच विकत घेणारे नसतात. मत देणाऱ्यांना एकेक करून मेसेज करा, "पाव किलो करून ठेवू का?" मग खरा आकडा समोर येतो.

गुगलवर नाव आणि लोकांचे अभिप्राय

शहरात नवीन आलेला माणूस इन्स्टाग्राम चाळत बसत नाही, गुगलवर "जवळपास पुरणपोळी" शोधतो. म्हणून गुगल बिझनेस प्रोफाईल काढा. फुकट आहे. घरून काम करत असाल तर पत्ता लपवून फक्त कुठल्या भागात पोचवता ते दाखवता येतं, आणि बायकांनी तसंच करावं असं मला मनापासून वाटतं.

अभिप्राय मागायला संकोच करू नका, पण त्याच्या बदल्यात सूट किंवा लाडू देऊ नका आणि घरच्यांकडून खोटे लिहून घेऊ नका. वाईट अभिप्राय आला तर पुसून टाकायची धडपडही करू नका. एकदा एका गृहस्थांनी लिहिलं, "चकली तिसऱ्या दिवशी मऊ पडली." मला रडू आलं होतं. रात्री उत्तर लिहिलं नाही. सकाळी डब्यांची चौकशी केली, तर त्या खेपेला झाकणं सैल होती. मग लिहिलं: "काका, तुमचं बरोबर आहे. त्या खेपेचे डबे नीट बंद होत नव्हते. डबे बदलले आहेत. तुमची चकली आज परत पाठवते." पुढे तीन गिऱ्हाइकांनी सांगितलं की ते उत्तर वाचूनच ऑर्डर दिली.

पैसे देऊन जाहिरात

पहिले सहा महिने नको. वही, कॅटलॉग आणि दहा-पंधरा खरे अभिप्राय जमले की मग बघा. आणि जाहिरात अशाच पोस्टची करा जिच्यावर फुकटात प्रश्न आले होते. भाग निवडताना अख्खं गुजरात निवडू नका, तुम्ही जिथवर पोचवता तेवढंच अंतर ठेवा.

हिशोब असा मांडा. समजा सहाशे रुपये लावले. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ७०८ झाले. नऊ चौकश्या आल्या, तीन ऑर्डर झाल्या. म्हणजे एका ऑर्डरला २३६ रुपये खर्च. एका डब्यात तुम्हाला दीडशे सुटत असतील तर पहिल्या फेरीत तोटाच आहे, आणि ते गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येणार असेल तरच ही जाहिरात परवडते. हे कळण्यासाठी प्रत्येक नव्या माणसाला विचारा, "आपल्याला माझ्याबद्दल कुठून कळलं?" आणि वहीत लिहा. लाईकचा आकडा या हिशोबात कुठेच येत नाही.

खाण्याची पेजेस चालवणारे कुणी "फुकट डबा द्या, रील करतो" म्हणाले तर डबा देण्यात गैर नाही. पण पैसे किंवा माल घेऊन केलेल्या रीलवर ती जाहिरात असल्याचं स्पष्ट लिहायला हवं, असं केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२३ मध्ये सांगितलं आहे. तसं लिहायला नकार देणाऱ्याला नाही म्हणा.

एक फसवणूक, नीट वाचा

नव्या पेजला पहिल्याच महिन्यात हा फोन येतो. मलाही आला होता. समोरचा हिंदीत बोलत होता, स्वतःला फौजेतला अधिकारी म्हणत होता. दोनशे पुरणपोळ्या, दर कितीही चालेल, घासाघीस नाही. ओळखपत्राचा फोटोही पाठवला. मग म्हणाला, आमच्याकडे पैसे पाठवायची पद्धत वेगळी आहे, मी क्यूआर कोड पाठवतो, तुम्ही स्कॅन करून पिन टाका की आगाऊ रक्कम तुमच्या खात्यात येईल. माझं बोट पिनवर होतं. मुलाने फोन ओढून घेतला.

पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच लागत नाही, क्यूआर स्कॅन करावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. हे वाक्य चिठ्ठीवर लिहून फ्रिजवर चिकटवा. पैसे गेलेच तर त्याच घटकेला १९३० या सायबर हेल्पलाईनला फोन करा, जितका उशीर तितकी रक्कम मिळणं कठीण. व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम दोन्हीवर दुहेरी पडताळणी, म्हणजे आत जाताना आणखी एक पिन किंवा कोड विचारणारी सोय, चालू करा आणि ओटीपी कुणालाही सांगू नका, "मदत करतो" म्हणणाऱ्या फॉलोअरलाही नाही. पैसे आल्याचा स्क्रीनशॉट आला म्हणजे पैसे आले असं धरू नका. बँकेचा मेसेज किंवा खातं बघूनच डबा रिक्षात ठेवा.

सण संपल्यावर

विसर्जनानंतर बहुतेक पेजं दिवाळीपर्यंत झोपतात. खरं तर तेच चार दिवस सोन्यासारखे असतात, कारण लोकांच्या तोंडात चव असते. प्रत्येक गिऱ्हाइकाला एकेकट्याने मेसेज करा, ब्रॉडकास्ट नको. "आवडलं का?" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. विचारा, "पुढच्या वेळी काय बदलू?"

गेल्या गणपतीत मी हा मेसेज पाठवला तेव्हा कारेलीबागेतल्या एका आजींचा आवाजी मेसेज आला. मागे टीव्ही चालू होता आणि त्या सावकाश बोलत होत्या: "मोदक छान हो, पण तू वरून तूप लावून पाठवतेस ते इथे येईपर्यंत थिजतं. मला तूप वेगळं दे. गरम करून मोदक फोडून मी माझ्या हाताने घालीन." आता अकरा मोदकांच्या प्रत्येक डब्यात तुपाची छोटी डबी असते, आणि कॅटलॉगमधल्या फोटोत ती सगळ्यात पुढे ठेवली आहे.